टायर फुटला म्हणे!

अपघाताच्या बातमीतलं एक वाक्य आपण इतक्या वेळा वाचलंय की आता ते डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. 'टायर फुटल्याने चालकाचे वाहनावरील नियंत्रण सुटले.' संपलं! टायर का फुटला, त्या क्षणी त्याच्यावर वजन किती होतं, आत हवा किती होती, आणि मुळात तो फुटला होता का, हे पुढे कोणी विचारत नाही. इंजिनिअरिंगच्या पोराने ओरलला "सर, मशीन बंद पडलं" एवढंच उत्तर दिलं तर सर त्याला बाहेर काढतील. रस्त्यावर मात्र हेच उत्तर पासिंगपुरतं चालतं.

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली एक खाजगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पेटली. २५ माणसं गेली. टायर फुटला, असं चालकाने सांगितलं. परिवहन खात्याच्या अहवालात मात्र तसा पुरावा मिळाला नाही, असं आलं. आता यात खरं काय ते ठरवायला मी कोण? पण आपल्या हॉस्टेलमधली विदर्भाची अर्धी पोरं दिवाळीला याच रस्त्याने, अशाच रात्रीच्या बसने घरी जातात. म्हणून मला एक गोष्ट खटकते. एवढ्या मोठ्या अपघातानंतर टायरबद्दल आपल्या हातात काय होतं, तर एका माणसाचा जबाब आणि रस्त्यावर नंतर सापडलेल्या किंवा न सापडलेल्या खुणा. टायरने स्वतः काहीच सांगितलं नाही, कारण त्याला बोलता येईल अशी सोय आपण केलेली नव्हती.

सोय करता येते, हा या लेखाचा पहिला मुद्दा. आणि ती महागड्या स्पोर्ट्स कारमध्ये नाही, तर आधी ट्रक आणि बसमध्ये करायला पाहिजे, हा दुसरा. तिसरा मुद्दा आपल्या डिपार्टमेंटबद्दल आहे, तो शेवटी सांगतो. (सरांनी तोपर्यंत वाचत राहावं म्हणून!)

आधी थोडं गणित. कंटाळू नका, बारावीच्या पुढचं काही नाही. एका छोट्या कारच्या एका चाकावर साधारण ३०० किलो वजन येतं, म्हणजे ३००० न्यूटन धरू. टायरमध्ये हवा ३२ पीएसआय, म्हणजे सुमारे २२० किलोपास्कल. भागाकार करा, १३६ चौरस सेंटिमीटर येतात. पोस्टातलं साधं पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचं असतं, त्याचं क्षेत्रफळ १२६. म्हणजे गाडी कितीही लाखांची असो, तिचं एक चाक जमिनीला टेकतं ते जेमतेम एका पोस्टकार्डाएवढ्या जागेत. ब्रेक, वळण, पिकअप, जे काही बल गाडीला रस्त्याकडून मिळतं ते या चार पोस्टकार्डांतून. आपण मात्र इंजिनवर सहा विषय शिकतो आणि या चार पोस्टकार्डांवर एका युनिटमधलं एक पान. तेही ऑप्शनला टाकण्यासारखं!

या जागेतली बलं मोजायची कशी? चाकाच्या मध्यभागी बसवायचे खास व्हील फोर्स ट्रान्सड्यूसर मिळतात, पण त्यांच्या किमती ऐकल्या तर आपले एचओडी खुर्चीतून उठतील. शिवाय ते चाचणीपुरते, रोजच्या गाडीसाठी नाहीत. दुसरा रस्ता म्हणजे टायरलाच विचारणे. टायरच्या आतल्या बाजूला, ट्रेडच्या बरोबर पाठीमागे, एक छोटा एक्सेलरोमीटर चिकटवायचा. चाक फिरतं तेव्हा तो गोल फिरतो आणि वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या एवढं अभिकेंद्री त्वरण दाखवतो. ताशी ६० कि.मी. वेग आणि ३० सें.मी. त्रिज्या धरली तर हे त्वरण ९४ जी येतं. वेग १२० केला की चौपट. पण मजा पुढे आहे. तो तुकडा जमिनीला टेकतो तेव्हा टायर तिथे सपाट झालेला असतो. क्षणभर तो तुकडा गोलात नसतोच, सरळ जात असतो, म्हणून त्वरण धाडकन शून्याजवळ येतं. जमीन सोडली की पुन्हा वर. ग्राफवर ही दरी स्पष्ट दिसते. टेकलेल्या भागाची लांबी १२ सें.मी. असेल तर ६० च्या वेगाला ही दरी साधारण ७ मिलिसेकंदांची, आणि चाकाची पूर्ण फेरी ११३ मिलिसेकंदांची.

दरीची रुंदी आणि वेग माहीत असले की टेकलेल्या भागाची लांबी कळते. लांबी आणि हवेचा दाब माहीत असला की त्या चाकावरचं वजन कळतं. गाडी वळताना टायर बाजूला सरकतो, टेकलेला भाग एका कडेला लांब आणि दुसऱ्या कडेला आखूड होतो, त्यावरून बाजूच्या बलाचा अंदाज येतो. इतकी साधी आणि सुंदर कल्पना आहे ही. मला तर मशीन डिझाईनच्या अख्ख्या सेमिस्टरमध्ये एवढा आनंद झाला नव्हता.

हे काही कालचं नाही. जर्मनीत डार्मस्टाटच्या तांत्रिक विद्यापीठात नव्वदच्या दशकातच ट्रेडच्या रबरात छोटा चुंबक बसवून, हॉल सेन्सरने त्याचं हलणं मोजून, रबर किती वाकतंय ते बघितलं गेलं. कॉन्टिनेन्टलने १९९९ च्या सुमारास टायरच्या भिंतीत चुंबकीय पट्टे ठेवून भिंतीचा पीळ मोजायची पद्धत दाखवली. युरोपात २००२ ते २००५ या काळात 'अपोलो' नावाचा बुद्धिमान टायरचा प्रकल्प झाला, फिनलंडच्या व्हीटीटी या संशोधन संस्थेच्या पुढाकाराने. (आपल्या अपोलो टायर्सचा याच्याशी संबंध नाही.) आणि २०२१ मध्ये पिरेलीचा सेन्सरवाला टायर मॅक्लॅरेन आर्टुरा या गाडीत आला. प्रयोगशाळेतून रस्त्यावर यायला तीस वर्षं लागली, आणि आला तो कुठे, तर मॅक्लॅरेनमध्ये!

एवढा उशीर का, याचं कारण बघण्यासारखं आहे. या सगळ्या मंडळींना हवी होती पकड, म्हणजे घर्षण. फिनलंड-जर्मनीत हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ असतो. गाडीला आधीच कळलं की पुढे पकड कमी आहे, तर एबीएस आणि ईएसपी शहाणपणाने वागतील. हेतू उत्तमच. पण यात एक मूळ अडचण आहे, आणि जाहिरातवाले ती सांगत नाहीत. टायरमधला सेन्सर 'वापरलेली' पकड सांगतो, 'उरलेली' नाही. आपल्या मेसचंच उदाहरण घ्या. तुमच्या ताटात किती भाजी आहे यावरून आत पातेल्यात किती उरलीय ते कळतं का? पातेलं रिकामं झालंय हे कळतं ते दुसऱ्यांदा वाढायला गेल्यावर, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. सरळ रस्त्यावर एका वेगाने जाताना चाकं वजनाच्या दोन-चार टक्केच बल वापरतात. रस्ता कोरडा असो की पहिल्या पावसात तेल-धूळ मिसळून निसरडा झालेला, ताटातली भाजी तेवढीच! फरक जाणवतो तो जोरात ब्रेक मारल्यावर. यातून वाटा काढायचे प्रयत्न चालू आहेत, रबर टेकताना-सुटताना होणाऱ्या थरथरीवरून रस्त्याचा पोत ओळखायचा वगैरे. पण हे अवघड काम आहे, आणि आपल्याकडे बीईच्या प्रोजेक्टमध्ये नेमकं हेच पेपरवरून उतरवून, 'स्मार्ट टायर' असं नाव देऊन सादर होतं.

आपल्या रस्त्यांचा पहिला प्रश्न बर्फ नाही. आपला पहिला प्रश्न वजन आहे.

इथे एक गोष्ट सांगतो, जी मी ज्याला ज्याला विचारली त्याने आधी चुकीचीच सांगितली. ट्रक रिकामा असताना मागच्या टायरमध्ये ११० पीएसआय हवा आहे. आता त्यात फुल माल भरला. हवेचा काटा किती दाखवेल? बहुतेक जण म्हणतात, दीडपट, दुप्पट. खरं उत्तर : जवळजवळ तेवढाच! कारण वजनाने टायर थोडा बसतो, पण आतल्या जागेचं घनफळ फारसं बदलत नाही. बदलतो तो जमिनीला टेकलेला भाग. हिशेब करू. रिकाम्या ट्रकच्या मागच्या एका टायरवर एक टन धरला तर टेकलेला भाग साधारण १३० चौ.सें.मी., म्हणजे एक पोस्टकार्ड. चार टायरच्या मागच्या एका अ‍ॅक्सलवर आज ११.५ टन कायदेशीर आहेत, म्हणजे टायरमागे पावणेतीन टनांच्या वर. टेकलेला भाग ३७० च्या आसपास, म्हणजे तीन पोस्टकार्डं. हवेचा काटा मात्र शांत! म्हणून हवेचा दाब मोजणारी जी यंत्रणा आज गाड्यांत येतेय (अमेरिकेत फायरस्टोनच्या टायरांचं प्रकरण गाजल्यावर २००० साली कायदा झाला आणि २००७ पासून सगळ्या नव्या छोट्या गाड्यांत ती सक्तीची झाली), ती हवा कमी झाल्याचं सांगेल, पण ओव्हरलोड तिला दिसणारच नाही. ओव्हरलोड दिसतो तो संपर्काच्या जागेत.

त्यात आपल्याकडे जोडटायर. ट्रकच्या मागे एका बाजूला दोन टायर चिकटून. बाहेरचा दिसतो, आतला दिसत नाही. आतल्यात हवा कमी असली की तो अंग चोरतो आणि बाहेरचा बिचारा त्याच्याही वाटणीचं वजन उचलतो. (ग्रुप प्रोजेक्टमध्ये हे कोणाकोणाला ओळखीचं वाटलं ते मनातल्या मनात सांगा.) दोघेही तापतात. हवा कमी असलेला टायर फेरीगणिक जास्त वाकतो म्हणून, आणि दुसरा जास्त वजनामुळे जास्त वाकतो म्हणून. रबर वाकण्यात ऊर्जा उष्णता होऊन जाते, थर सुटायला लागतात. नागपूर-मुंबई ७०१ कि.मी. एका दमात, उन्हाळ्यात, काँक्रीटवर! फुटायचा तो कुठेतरी फुटणारच. ढाब्यावर थांबल्यावर क्लीनर हातात टॉमी घेऊन एकेका टायरला ठोकत फिरतो आणि आवाजावरून हवा ओळखतो, हे तुम्ही पाहिलं असेल. आपल्या देशातला सगळ्यात जुना टायर सेन्सर तोच. तो चांगला आहे, पण तो फक्त गाडी उभी असताना चालतो, आणि त्यालाही वजन कळत नाही.

२०२३ मध्ये समृद्धीच्या प्रवेशाजवळ परिवहन खात्याने टायर तपासायला सुरुवात केली, गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. चांगलंच केलं. पण ट्रेडची खोली १.६ मि.मी. आहे की नाही हे डोळ्याने आणि पट्टीने बघता येतं, त्या टायरवर धावताना किती वजन येतंय ते बघता येत नाही. वजनकाटा आहे, पण तो एका जागी आहे आणि त्याला चुकवून जायच्या वाटा ड्रायव्हर लोकांना आपल्यापेक्षा चांगल्या माहीत असतात.

वजनाचा प्रश्न फक्त टायरचा नाही, रस्त्याचाही आहे. सिव्हिलवाले मित्र सांगतील, अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात खास रस्ते बांधून त्यांच्यावर ट्रक फिरवले आणि त्यातून तो प्रसिद्ध चौथ्या घाताचा ढोबळ नियम निघाला : अ‍ॅक्सलवरचं वजन २० टक्के वाढलं तर रस्त्याची झीज दुप्पट. आपल्याकडे २०१८ मध्ये त्या चार टायरच्या अ‍ॅक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन झाली. वाढ १३ टक्क्यांची, पण याच नियमाने झीज दीडपटीच्या वर. आणि हे झालं कायदेशीर वजनाचं. त्याच्यावर किती भरतात ते कुणी मोजतं का?

आमच्या गाईड मॅडमनी यावर अगदी योग्य जागी बोट ठेवलं. "अरे, पण मालक हा सेन्सर बसवेल कशाला? ओव्हरलोड हीच त्याची कमाई. स्वतःच्या विरुद्धचा साक्षीदार स्वतःच्या गाडीत कोण बसवतं?" मला यावर चटपटीत उत्तर सुचलं नाही आणि अजूनही नाही. मालक वाईट असतात असं नाही. डिझेल, टोल आणि हप्ते भरून जे उरतं ते शेवटच्या दोन टनांतच उरतं, असं ते सांगतात आणि त्यात तथ्य असणार. म्हणून मला वाटतं, सुरुवात अशा ठिकाणी व्हावी जिथे टायरही एकाच मालकाचे, गाडीही त्याचीच आणि ओव्हरलोडची कमाई नाही. अशी जागा आपल्या समोर आहे : एसटी. एसटीची स्वतःची दापोडीसारखी मोठी कार्यशाळा आहे, टायर रिमोल्ड करायचे स्वतःचे कारखाने आहेत, एक टायर किती चालला याची नोंद ठेवायची पद्धत आहे. आषाढीच्या वारीच्या गाडीत किती माणसं कोंबली होती ते कंडक्टरला तिकिटावरून कळतं, पण मागच्या आतल्या टायरला किती लागलं ते कोणालाच कळत नाही. एका डेपोच्या चार गाड्यांवर वर्षभर मोजलं तरी केवढी माहिती मिळेल!

अडचणी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. ट्यूबवाल्या टायरमध्ये आतून चिकटवलेला सेन्सर टिकत नाही, ट्यूब त्याच्यावर घासते. रिमोल्ड करताना टायर भाजला जातो, तेव्हा सेन्सर काढून पुन्हा लावावा लागेल. बॅटरीचंही आहेच. पण इथे वजनाचा मुद्दा आपल्या बाजूने येतो. पकड क्षणाक्षणाला बदलते, म्हणून ती प्रत्येक फेरीला मोजावी लागते आणि बॅटरी झपाट्याने संपते. वजन तसं बदलत नाही. दर दहा मिनिटांनी वीस फेऱ्या मोजून सरासरी पाठवली तरी पुरे, बाकी वेळ सेन्सरने झोपावं. फिनलंडच्या बर्फासाठी जे अवघड आहे ते आपल्या ओव्हरलोडसाठी त्या मानाने सोपं आहे. मग आपण अवघडाची नक्कल का करतोय?

आता तो तिसरा मुद्दा. आमच्या प्रोजेक्टच्या पहिल्या रिव्ह्यूला एका परीक्षकांनी विचारलं, "वर्किंग मॉडेल कुठंय?" आम्ही त्यांना आलेख कागद दाखवला. स्कूटरच्या मागच्या टायरला स्टॅम्पपॅडची शाई लावून, जर्नलच्या आलेख कागदावर टेकवून, चौकोन मोजले होते. हवा ३६ आणि नंतर २०. हिशेबाने क्षेत्रफळ ४० वरून ७१ चौ.सें.मी. व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात त्याहून कमी वाढलं, कारण हवा कमी झाली की टायरची भिंत स्वतः थोडं वजन उचलते. हा फरकच तर आमचा अभ्यास होता! पण त्यात मोटर नव्हती, एलईडी लागत नव्हता, थर्माकोलचा रस्ता नव्हता. तिथेच शेजारच्या टेबलावर दुकानातून आणलेलं तयार मॉडेल गरागरा फिरत होतं आणि त्याला चांगले मार्क मिळाले. त्या मित्रांवर माझा राग नाही. नियम तसा असेल तर पोरं दुकानातच जाणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की मूल्यमापनाच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा : 'स्वतः काय मोजलं आणि त्यात चूक किती टक्के?' मॉडेल फिरलं नाही तरी चालेल, पण आकडा स्वतःचा हवा. तो दुकानात मिळत नाही.

सध्याची स्थिती अशी की बाजारात शे-दोनशे रुपयांत मिळणारी सोळा जीची चिप आम्ही स्कूटरच्या टायरमध्ये चिकटवली आहे. दहा इंची चाकाला ती ताशी २१ कि.मी.च्या वर हात वर करते, म्हणजे हॉस्टेलच्या गेटपासून कँटीनपर्यंत ठीक. दोनशे जीची मागवली आहे. टायर काढून परत चढवण्याचं काम मागच्या गेटवरचे पंक्चरवाले काका दर वेळी तक्रार करत पण फुकट करतात. सिग्नल मात्र चाक फिरायला लागलं की तुटतो आणि अँटेना हा विषय आम्हा मेकॅनिकलवाल्यांच्या डोक्यावरून जातो. एखादा ईएनटीसीवाला पाहिजे. बी-ब्लॉक, दुसरा मजला, टायर दाराबाहेर दिसेल ती खोली. चहा आमच्याकडून.